आगबोटीच्या नाकावरचा शेंदूर

सगुणाबाईंचा राग मी पहिल्यांदा पाहिला तो दुधी भोपळ्यावरून. आमच्या कॉलनीतल्या एका बाईंनी दुधी कोवळा आहे का बघायला त्यात अंगठ्याचं नख रुतवलं, मग दुसऱ्यात रुतवलं आणि म्हणाल्या, "हा तिसरा द्या."

सगुणाबाईंनी तिसरा उचलून पाटीत परत ठेवला. "एकबी नाय मिळायचा."

"अहो, बघायला नको का?"

"डोळ्यानी बघा की. दुसऱ्याच्या मालाला नख कशापायी लावायचं? आता ती जागा काळी पडंल. ह्ये दोन मी घरी नेऊन खाईन, पन तुमाला इकायची नाय."

त्या बाई अजूनही त्यांच्याकडून भाजी घेत नाहीत. मी त्या दिवसापासून दुसरीकडून घेत नाही.

सगुणाबाई बारीक चणीच्या, सत्तरीच्या आसपासच्या. हिरवं गोंदण, वर ओढून नेसलेलं नऊवारी, आणि आवाज असा की चौथ्या मजल्यावरच्या माणसालाही मेथी आल्याचं कळावं. मंगळवारी आणि शुक्रवारी मुलाच्या, नवनाथच्या, पिकअपमधून नाशकात येतात. आल्या आल्या आमच्या पायरीवर बसतात. "वयनी, आदी पानी द्या, मंग भाव करा." तांब्या ओठांना न लावता वरून पाणी पितात आणि मगच तराजू बाहेर काढतात.

त्यांचं गाव नवं पिंपळठाण, इगतपुरीकडच्या एका धरणाच्या काठावर. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात ही मंडळी काकडी, दुधी, वांगी लावतात. "जमीन सरकारची, पानी तुमच्या नाशकाचं, गाळ तेवढा मपला," असं त्या हसत सांगतात. हसत सांगतात म्हणून ऐकणाऱ्याला ते बोचत नाही. बोचायला हवं, असं मला हल्ली वाटतं.

जुनं पिंपळठाण त्याच पाण्याखाली आहे. धरणाची उंची वाढवली तेव्हा सगुणाबाईंच्या सासूबाई नव्या नवरी होत्या. त्या वेळी धरणावर एक आगबोट होती. इंग्रजांच्या काळात कुणा इंजिनीअर साहेबानं पाहणीसाठी आणवलेली, कोळशावर चालणारी, दोन्ही बाजूंना कुणा मडमेचं नाव पितळी अक्षरांत. 'लेडी ऑगस्टा'. ते नाव पिंपळठाणात कुणी कधी घेतलं नाही. तिच्यातूनच गावाच्या चुली, जाती, शेळ्या, म्हाताऱ्या आणि मारुती नव्या गावठाणात आला. फक्त साती आसरा आल्या नाहीत.

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. त्यांचे सात दगड नदीच्या डोहाकाठी होते. बाकीचे देव पालखीतून नेता येतात, पण आसरा जागा सोडत नाहीत. पिंपळठाणात बाळंतीण सव्वा महिन्यानं बाळाला घेऊन आसरांकडे जाते. तेल, शेंदूर, खणानारळानं त्यांची ओटी भरते, आणि त्यानंतरच विहिरीवर, शेतावर, पाण्याजवळ जाते. त्याआधी नाही. आता डोहच धरणाच्या पोटात गेला म्हटल्यावर बायका आगबोटीतून त्या जागेवर जायला लागल्या.

"पन पान्याला शेंदूर लावता येतो का, वयनी?" हे सांगताना सगुणाबाई आमच्या पायरीवर वाटाणे सोलत बसल्या होत्या. "सासूनं इच्यार केला. दगूड खाली, आपुन वर, मधी पानी. मंग ज्या नाकानं आगबोट त्या जाग्यावर जाती, त्या नाकालाच सात टिळे लावले. तवापास्नं समद्यांनी तितंच लावले."

पुढे कोळशाचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं. धरणाच्या कडेनं डांबरी रस्ता झाल्यावर तेही बंद पडलं आणि आगबोट काठावर जांभळाखाली ओढून ठेवली गेली. तिचे बाक कुणी कुणी नेले, तळाला भोकं पडली, आत धामण राहायला आली. पण बाळंतिणी येतच राहिल्या. आगबोट पाण्यात असो की चिखलात, नाक तेच होतं. टिळ्यांवर टिळे चढून तिथे तळहाताएवढ्या जाडीचा शेंदराचा थर झाला होता. सगुणाबाईंनी तान्ह्या नवनाथचं कपाळ तिथेच टेकवलं होतं.

नवनाथच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, तरी घरात पाळणा हलला नव्हता. त्याची बायको हर्षाली भावकीतल्या ओट्यांना जायचीही बंद झाली होती. मागच्या आषाढात सगुणाबाईंनी पायरीवर बसल्या बसल्या, कुणी ऐकत नाही ना हे बघून, मला सांगितलं की हर्षालीला पाचवा महिना लागला आहे. "सव्वा महिन्याची झाली की नाकाला न्यायचं बाळ. तुमी बी यायचं."

नेमकी त्याच सुमाराला माझ्या दिराला ती आगबोट सापडली.

सापडली म्हणजे मनोजभाऊजी मित्रांबरोबर पक्षी बघायला गेले होते, तिथे ती दिसली. ते आर्किटेक्ट आहेत, आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. माणूस मनानं चांगला, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की समोरचा माणूस दिसेनासा होतो. महिन्याभरात समिती झाली, देणगीदार मिळाले, मुंबईहून जुन्या जहाजांचे एक तज्ज्ञ येऊन गेले आणि घोषवाक्य ठरलं: 'आगबोट, होती तशी.'

मग जनमत. फोनवर एक लिंक आली. इंजिन कोळशाचं हवं की डिझेलचं, रंग पांढरा हवा की हिरवा, अक्षरं पितळी हवीत की रंगवलेली. लोकांना केवढा हुरूप आला! ज्यांनी ते धरण गुगलवरसुद्धा पाहिलं नव्हतं, ते पुण्याहून, दुबईहून, अमेरिकेतून तावातावानं मतं पाठवू लागले. एकानं लिहिलं, डिझेल घालणं हा इतिहासाचा खून आहे. मी भाऊजींना विचारलं, "पिंपळठाणच्या लोकांचं मत?"

"लिंक सगळ्यांना खुली आहे, वहिनी."

"तिथे रेंज येत नाही."

"आता त्याला समिती काय करणार?" म्हणाले आणि पोह्यांवर लिंबू पिळायला लागले.

मी सगुणाबाईंना सांगितलं. सांगितलं त्याच शुक्रवारी संध्याकाळी शहरात समितीची जाहीर सभा होती. त्या पाटी हॉलच्या दाराशी ठेवून आत येऊन बसल्या. हॉल भरलेला. एक निवृत्त गृहस्थ कोळशाच्या धुरावर बोलले, त्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "काका, गोव्याची क्रूझच आणा ना मग, एसीवाली!" हशा झाला. पांढरा की हिरवा यावरून तर दोन सज्जन खुर्च्यांवरून उठले. मी आजूबाजूला बघत होते. त्या बोटीत कधी पाय ठेवलेलं माणूस अख्ख्या हॉलमध्ये एकच होतं, आणि त्याला कुणी बोलावलेलं नव्हतं.

सगुणाबाई स्वतःच उठून माइकपाशी गेल्या. माइक त्यांच्या डोक्याच्या वर होता. कुणी तो खाली केला नाही, त्या मान वर करून बोलल्या.

"मला येक इच्यारायचं हाय. समदे म्हनता, होती तशी करायची. कवा होती तशी?"

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "आजी, थोडक्यात बोला हं."

"थोडक्यातच इच्यारलं. सायबाच्या टायमाला होती तशी, का मपल्या सासूच्या टायमाला होती तशी, का आता हाय तशी? तिच्या नाकाला आमचा देव हाय. त्याला हात लावनार का नाय, तेवढं सांगा."

एक कॉलेजची मुलगी टाळ्या वाजवायला लागली आणि एकटीच पडली. मुंबईचे तज्ज्ञ समजावणीच्या सुरात म्हणाले, "भावना समजू शकतो. पण नंतरच्या काळात चढलेले थर काढल्याशिवाय मूळ स्वरूप मिळत नाही. हे शास्त्र आहे."

"मूळ म्हंजी सायेब का?"

"म्हणजे ज्या दिवशी ती पहिल्यांदा पाण्यात उतरली, तो दिवस."

"बरं. आन त्या दिसानंतर आमी तिच्यात बसलो, त्ये काय खोटं हाय?"

अध्यक्ष म्हणाले, "धन्यवाद आजी, टाळ्या." आता मात्र सगळ्यांनी वाजवल्या. बाईंना खाली बसवायच्या टाळ्या होत्या त्या. मग हात वर करून ठराव झाला, मूळ स्वरूप, आणि अध्यक्षांनी लोकशाहीचे आभार मानले.

बाहेर मनोजभाऊजी धावत आले. त्यांना ओशाळं वाटत होतं, हे मी खरंच सांगते. "आजी, नाकाचं काम आम्ही अगदी शेवटी घेऊ. तुमचं बाळ आधी येऊन जाऊ दे. शब्द देतो."

सगुणाबाईंनी डोक्यावर चुंबळ ठेवली. "शब्द का? ऱ्हाऊ दे ध्यानात." आणि पाटी उचलली.

कार्तिकात हर्षालीला मुलगी झाली. सव्वा महिना भरला त्या दिवशी मी नवनाथच्या पिकअपमधून पिंपळठाणला गेले. घरून निघताना केवढी गडबड! हर्षाली हिरव्या साडीत, डोक्याला घट्ट रुमाल, मांडीवर गाठोड्याएवढी लेक. कुसाबाई नावाच्या सगुणाबाईंच्या जाऊबाई सारख्या चेष्टा करत होत्या, "नाक बापाचं हाय गं हिचं. आगबोटीला लाजवंल." बायका गाणी म्हणत काठावर आल्या.

जांभळाभोवती निळ्या पत्र्यांचं कुंपण होतं. वॉचमननं बायका बघून दार उघडलं.

आगबोट लाकडी ओंडक्यांवर उभी होती. मागचे, मधले कुजलेले पत्रे काढून नवे लावायचं काम अजून सुरूच होतं. नाक मात्र पूर्ण झालं होतं. घासून, धुऊन, वर पारदर्शक लाख चढवलेलं, हिरवंगार, चकचकीत. शेंदराचा मागमूस नव्हता.

गाणं थांबलं. हर्षालीनं लेकीला पदराखाली ओढून घेतलं, उन्हापासून झाकतात तसं. ऊन नव्हतं.

"शेंदूर कुठंय?" सगुणाबाईंनी विचारलं. आवाज इतका खाली मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

वॉचमननं कोपऱ्यातली सिमेंटची गोणी दाखवली. गंजाचे पापुद्रे, सँडपेपर, गुटख्याच्या पुड्या आणि त्यात शेंदराची ढेपळं. सगुणाबाई खाली बसल्या आणि एकेक ढेपूळ निवडून पदरात घेऊ लागल्या. तुटलेल्या कडेला कांद्यासारखे थर दिसत होते, एकावर एक, गडद, फिका, परत गडद. त्यातल्या कुठल्या तरी थरात नवनाथ होता, कुठल्या तरी थरात कुसाबाईंची पोरं. कुसाबाई शिव्या घालायला लागल्या. सगुणाबाईंनी मान वर न करता एवढंच म्हटलं, "नख लावलं."

आता पूजाही होईना. कारण त्यांच्यात रीत अशी, की देवाच्या अंगावरची शेंदराची खोळ निघाली तर ती आधी त्याच्या जागेच्या पाण्यात पोचवायची, आणि मगच नवा शेंदूर लावायचा. खोळ या नाकाची, तेव्हा ती पोचवायलाही हेच नाक हवं. मासेमारीची होडी होती, पण ती चालणार नव्हती. तोवर हर्षालीला पाणी वर्ज्य. पुढे पाणी उतरलं की ऐन काकडी लावायच्या दिवसांतही ती उंबऱ्याच्या आत बसून राहणार होती.

घरी आले ती तशीच जिना चढून वर गेले.

"भाऊजी, शब्द दिला होतात."

"वहिनी, तज्ज्ञांना तारखा नव्हत्या. त्यांना रंगाचा नमुना नाकावरूनच हवा होता. मी साइटवर होतो, पण..."

"होतात? तिथे उभे होतात?"

त्यांनी टेबलावरचा नकाशा सरळ केला. मग म्हणाले, "पण एक चांगलं झालं. सबंध बोटीत तेवढाच मूळ पत्रा शाबूत निघाला, मूळ रंगासकट. उद्या पेपरात येतंय."

आलं. तज्ज्ञांचा मोठा फोटो, आणि त्यांचं म्हणणं की इतक्या वर्षांनी तो पत्रा टिकला ही ब्रिटिश पोलादाची किमया. मी पेपर घेऊन परत वर. "पोलादाची किमया? मग मागचा पत्रा कुठला होता? मनमाडच्या भंगारातला? तोही त्याच साहेबानं आणला होता ना, मग तो का कुजला? भाऊजी, त्या नाकाला बायकांनी वर्षानुवर्षं तेल चोळलंय!"

"ते तेही म्हणाले. खाजगीत. तेलामुळे गंज चढला नसणार म्हणून."

"मग छापलं का नाही?"

"ते जरा... शास्त्रीय वाटत नाही."

मला इतका संताप आला की मी खाली येऊन दुपारचा स्वयंपाक केला आणि वर ताट पाठवलं नाही. ज्यांच्या हातांनी तो पत्रा वाचला, त्यांच्याच खुणा खरवडून कचऱ्यात, आणि श्रेय कुणाला? सातासमुद्रापलीकडच्या भट्टीला! याला म्हणे होती तशी.

फाल्गुनात उद्घाटन ठरलं. आगबोट पाण्यात उभी, पांढरी रेघ, पितळी अक्षरं, नव्या बॉयलरमधून खरोखरची वाफ. वेताच्या खुर्च्यांवर पाहुणे, काठावर मांडव, सनई. 'स्थानिक जनतेसाठी' दोरी बांधून एक कोपरा ठेवला होता. त्यात सगुणाबाई उभ्या होत्या, काखेत धुऊन स्वच्छ केलेली एक पिशवी. पिशवीत ती ढेपळं. मागे हर्षाली, लेकीला घेऊन, पाण्यापासून चांगली लांब.

मीच भाऊजींना दोरीपाशी घेऊन गेले. सगुणाबाई म्हणाल्या, "मला जाग्यावर न्या. पिशवी पान्यात सोडते आन येते."

"आजी, पुढच्या फेरीला नक्की."

"शब्द का?"

भाऊजींचा चेहरा उतरला, पण मांडवातून कुणीतरी हाक मारली आणि ते गेले.

शिट्टी झाली. सगुणाबाईंनी दोरी उचलली आणि वाकून खालून बाहेर आल्या. त्यांच्यामागे कुसाबाई, त्यांच्यामागे बाकीच्या. पाहता पाहता सात बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या आणि आगबोटीच्या नाकासमोर हात धरून उभ्या राहिल्या.

"ए, बाजूला व्हा!" तज्ज्ञ ओरडले. "अहो, बोट निघतेय!"

"निघू द्या की," कुसाबाई म्हणाल्या. "आमी कुटं धरून ठिवलीय? आमच्या अंगावरनं न्या, होती तशी."

काठावर हशा पिकला, आणि या वेळी तो आमचा होता. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. पोलीस बायकांच्या अंगाला हात लावायला तयार होईनात. इंजिन चालवणारा मिस्त्री वरून सांगत होता की वाफ भरलीय, एक तर निघायला हवं, नाही तर सोडायला हवी. शेवटी बॉयलरची झडप उघडली आणि अशी काही फुसांडली की सनईवाला वाजवायचा थांबला. पांढऱ्या वाफेचा लोट खुर्च्यांवरून गेला. वेताच्या खुर्चीतले मोठे मोठे लोक एकमेकांना ढकलत फळीवरून उतरले. एकाची कोल्हापुरी पाण्यात पडली. डिझेलला इतिहासाचा खून म्हणणारे एक सद्गृहस्थ सर्वांच्या पुढे होते.

वाफ विरली तेव्हा आगबोटीवरच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मागे इंजिनपाशी मिस्त्री, पुढे मनोजभाऊजी एकटे उभे होते. ते फळीवरून खाली आले, गुडघाभर पाण्यात शिरले आणि हात पुढे केला. "चला, आजी."

सगुणाबाईंनी हात घेतला नाही. काखेतली पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. "ह्ये धर आदी. तूच काढलंस, तूच घिऊन चल."

सात ओल्या बायका वेताच्या खुर्च्यांवर बसल्या. समोर माझा दीर, पिशवी छातीशी धरून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. मिस्त्रीनं पुन्हा वाफ धरली, आगबोट गेली, मधोमध थांबली, परत आली. काय झालं ते काठावरून दिसलं नाही आणि मी नंतर विचारलंही नाही. आल्यावर सगुणाबाईंनी लाखेनं चकाकणाऱ्या हिरव्या पत्र्यावर तेल ओतलं आणि शेंदराचे सात टिळे लावले. तज्ज्ञ "मूळ रंग, अहो मूळ रंग" म्हणत होते. मग हर्षाली पाण्याजवळ आली. लेकीचं कपाळ नाकाला टेकवलं तेव्हा पत्रा गार लागला असावा, ती अशी कडाडून रडली की कुसाबाई म्हणाल्या, "ऐका, दुसरी शिट्टी!"

त्या रात्री भाऊजी पांढरा शर्ट घेऊन खाली आले. छातीवर पिशवीच्या आकाराचा केशरी डाग.

"वहिनी, जाईल का हो?"

"नाही जायचा. तेलातला शेंदूर आहे."

त्यांनी शर्ट घडी करून परत नेला. टाकला नाही, एवढं मी पाहिलं आहे.

समितीला मात्र अक्कल आलेली नाही. दर सोमवारी सफाई कामगार येऊन नाक पुसून जातात. परवा फोनवर नवी लिंक आली, 'नाकावरील रंगाबाबत आपले मत नोंदवा.' मंगळवारी मी ती सगुणाबाईंना दाखवली आणि सोमवारच्या पुसण्याचाही विषय काढला. त्यांनी फोन हातात घेतला नाही, लांबूनच बघितला. गावात सध्या तिघीजणी दिवसांत आहेत, त्यातली एक कुसाबाईंची सून.

"पुसू द्या," तराजूत गवार टाकत त्या म्हणाल्या. "पोरं व्हायची थांबत्यात का?"